दादाचे नऊ सेकंद

आमच्या दादाला बोलायला वेळ लागतो. मला लागत नाही. आई म्हणायची, दोघांच्या वाट्याची बडबड चुकून एकटीच्या पदरात पडली. दादा मला टकळी म्हणतो, आणि गंमत म्हणजे या एका शब्दावर तो कधीच अडखळत नाही.

लहानपणापासून आमचं एक ठरून गेलं होतं, कोणी ठरवलं नव्हतं तरी. दादाला कोणी काही विचारलं की मी मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजायचे. तेवढ्यात त्याचं वाक्य बाहेर आलं तर ठीक. नाही आलं तर त्याचं उत्तर मी देऊन टाकायचे. दुकानात तो ‘सा’वर अडला की मी ‘साबण’ म्हणून मोकळी. एकदा त्याला साखर हवी होती. त्याने मुकाट्याने साबण घरी आणला आणि आईची बोलणी खाल्ली. माझं नाव घेतलं नाही.

हे मी मिरवायला करत नव्हते, एवढं आधीच सांगते. समोरचा माणूस दादाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला की मला राहवायचं नाही. कोणी हसू दाबायचं, कोणी कीव करायचं, कोणी घड्याळाकडे बघायचं, आणि त्या सगळ्यांच्या नजरेत माझा शहाणा, देखणा भाऊ मान खाली घालून एका अक्षराशी झटत उभा. मला ते बघवत नसे. मध्ये पडून त्याला सोडवणं हे माझं कामच झालं. त्याला पाणीपुरवठा खात्यात नोकरी लागली तीही माझ्यामुळे, असं मी वीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आले. खात्यातून फोन आला होता, सोमवारपासून याल का म्हणून विचारत होते. दादाने फोन कानाला लावला, तोंड उघडलं. मी तीन मोजले, फोन त्याच्या हातातून घेतला आणि “हो, येतोय” म्हटलं.

पुढे मीही त्याच खात्यात चिकटले, तक्रार खिडकीवर. दिवसभर लोकांशी भांडायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा, माझ्यासाठीच काढलेली जागा. दादाची खोली शेजारीच, मध्ये लाकडी फळी. त्यामुळे त्याचं काम काय चालतं ते मला फळीतून ऐकून ऐकून कळलं, आणि कळलं तेवढं सांगते.

आमच्या शहराचं पाणी सात ठिकाणांहून फिरतं. वर टेकडीवर पंपघर, त्याखाली गाळणी केंद्र, आणि शहरात पाच टाक्या. पूर्वी या सगळ्यांचा कारभार कचेरीतला एकच मोठा कॉम्प्युटर हाकायचा. तो सगळ्यांना सगळं विचारायचा आणि सगळ्यांच्या वतीने आपणच ठरवायचा. एका टाकीचा पंप बदलला की अख्खा प्रोग्राम उसवायला लागायचा, आणि दोन ठिकाणचे निरोप एकदम आले की त्याची भंबेरी उडायची. मग एक टाकी ओसंडून वाहायची, दुसऱ्या भागात नळ कोरडे, आणि माझ्या खिडकीवर रांग.

दादाने हे सगळं नव्याने मांडलं. त्याच्या मांडणीत प्रत्येक पंप, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक टाकी ही प्रोग्राममधली एकेक स्वतंत्र वस्तू. त्यांच्या भाषेत ऑब्जेक्ट. तिची अवस्था तिलाच ठाऊक. टाकीत पाणी किती आहे ते टाकीच सांगणार, दुसऱ्या कोणी तिच्या आत हात घालायचा नाही. काही हवं असेल तर निरोप पाठवून विचारायचं. प्रत्येकीचा छोटा कॉम्प्युटरही तिच्याच शेजारी बसवलेला, म्हणजे कचेरीचं डोकं फिरलं तरी वरचं पंपघर आपलं काम करत राहील. पण खरी मेख वेळेची होती. टाकी भरली हे उत्तर कितीही बरोबर असलं तरी ते टाकी ओसंडल्यावर आलं तर चाटायचंय का? दादाच्या धंद्यात उशिरा आलेलं बरोबर उत्तर चूकच धरतात. हे त्याने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जगात एवढे धंदे असताना या माणसाने नेमका हाच धरावा. तोही हसला, माझ्यापेक्षा जास्त.

यावर त्याचा तोडगा असा. प्रत्येक वस्तूने आधीच वचन द्यायचं की निरोप मिळाल्यापासून एवढ्या सेकंदांत मी उत्तर देईन. ज्याने विचारलं त्याने तेवढं थांबायचं. ती मुदत टळली तरच ती वस्तू बंद पडली असं समजायचं, आणि तिच्या जागी राखीव ठेवलेलीला कामाला लावायचं.

प्रोग्राम लिहायला घेण्याआधी त्याने कॅन्टीनमध्ये जो खेळ मांडला त्यावर खात्यात लोक अजून हसतात. सगळ्या ठिकाणच्या माणसांना खाली बोलावून घेतलं आणि प्रत्येकाच्या हातात एक जाड कार्ड दिलं. एक जण पंप, एक जण व्हॉल्व्ह, कॅन्टीनवाले काका तीन नंबरची टाकी. कार्डावर तीनच गोष्टी लिहायच्या: मला काय माहीत आहे, मला काय करता येतं, मला किती वेळ लागतो. मग बोलणं बंद. फक्त चिठ्ठ्या पाठवायच्या, आणि दादा हातात स्टॉपवॉच घेऊन मधोमध उभा. हा खेळ त्याने स्वतःच्या सोयीने शोधलाय, असं मी म्हटलंच. गाळणी केंद्राचे हेड फिटर पाचच मिनिटांत कंटाळले आणि शेजारच्याच्या कार्डात डोकावून त्यांनी पाण्याची पातळी वाचून घेतली. दादाने खेळ थांबवला. त्यांच्याकडे नुसतं बघितलं. हेड फिटरांनी निमूटपणे चिठ्ठी लिहायला घेतली, आणि कॅन्टीनवाले काका आपण टाकी असल्याचं विसरून सगळ्यांना चहा विचारायला लागले.

त्या दिवशी वरच्या पंपघरातल्या बाई पहिल्यांदा खाली आल्या. पंपघर एकटीने सांभाळणाऱ्या, चाळिशीच्या, बूट चिखलाने भरलेले, बोलणं मोजकं. त्यांच्या वाट्याला कार्ड आलं ते वरच्या मुख्य व्हॉल्व्हचं. किती वेळ लागतो, तिथे बाकीच्यांनी धडाधड एक सेकंद, दोन सेकंद असं लिहून टाकलं होतं. बाईंनी तो रकाना कोरा ठेवला. म्हणाल्या, अंदाजाने काही लिहिणार नाही, मोजून कळवते.

तो मुख्य व्हॉल्व्ह वयाने दादापेक्षा मोठा. त्याला बंद हो म्हटलं की आधी मोटार फिरते, मग झिजलेल्या दातेरी चाकांमधली ढिलाई भरून निघते, आणि मग कुठे दांडा हलायला लागतो. दांडा हलला की त्याचा कॉम्प्युटर उत्तर देणार: ऐकलं, निघालो. थंडी असली की ग्रीस घट्ट होतं आणि त्याला आणखी वेळ लागतो. बाईंनी चाळीस सकाळी हे मोजलं आणि चाळीस सकाळी फोन करून दादाला आकडा सांगितला. सरासरी पाच सेकंदांची आली. पण एका कडाक्याच्या सकाळी व्हॉल्व्हने आठ सेकंदांच्या वर घेतले होते. दादाने कार्डावर नऊ लिहिलं. सरासरीवर पाणी चालत नाही, व्हॉल्व्हच्या सगळ्यात वाईट दिवशी त्याला किती लागतात तेवढे द्यायचे, असं त्याचं म्हणणं.

ते फोन मी फळीपलीकडून ऐकायचे. दादाचा फोन म्हणजे काय असतं ते मला माहीत. तो अडला की पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो करतो, आवाज येत नाही म्हणतो आणि ठेवून देतो. पहिल्या सकाळी तो अडला तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले होते. पण पलीकडून हॅलो आलं नाही. बराच वेळ काहीच आलं नाही, मग दादाचं वाक्य पूर्ण झालं, आणि त्याला उत्तर मिळालं. नंतर मी विचारलं, बाई त्या वेळात करतात काय? दादा म्हणाला, काही नाही, पंप चाललेले ऐकू येतात.

चाळीस सकाळी झाल्या, मोजणी संपली. फोन संपले नाहीत, वर्ष उलटलं तरी.

मला सगळं दिसत होतं आणि मी न दिसल्यासारखं करत होते. आई-बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघंच. माझं लग्न दोन वर्षं टिकलं, तो विषय इथे नको. दोन खोल्या, एक गॅलरी, सकाळी त्याच्या हातचा चहा, संध्याकाळी माझ्या दिवसभराच्या भांडणांचा पाढा आणि त्याचं ऐकून घेणं. बाईंचे वडील अंथरुणाला खिळलेले, पंपघराशेजारच्या क्वार्टरमध्ये. त्यामुळे बाई काही टेकडी सोडून येणार नाहीत, आणि दादा काही मला सोडून जाणार नाही, असा मी मनाशी निकाल लावून टाकला होता.

नवी व्यवस्था चालू करायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मीटिंग घेतली. कुठल्या भागातून जास्त तक्रारी येतात ते सांगायला मलाही बोलावलं होतं. आमचे साहेब माणूस वाईट नाहीत, पण त्यांना सगळं एका रेषेत लागतं. मुदतींची यादी वाचता वाचता ते नऊवर थांबले. बाकी सगळे दोन किंवा तीन, हा एकटाच नऊ कसा? दुसऱ्या दिवशी पाहुणे चाचणी बघायला येणार, त्यांच्यासमोर पडद्यावर नऊ सेकंद काहीच हललं नाही तर बरं दिसेल का? सगळ्यांना सरसकट तीन सेकंद करू, असं म्हणून त्यांनी दादाकडे बघितलं. “तीन चालतील ना?”

दादाने तोंड उघडलं. ‘न’वर अडला. टेबलाभोवती दहा-बारा माणसं. कोपऱ्यातल्या एकाने पेनाशी चाळा सुरू केला, एकाने शेजाऱ्याला कोपर मारलेलं मी पाहिलं. दादाचे कान लाल झाले. मी मनात तीन मोजले. आदल्या संध्याकाळी तो घरी म्हणाला होता की बरेचसे आकडे कमी करता येतील, तेच माझ्या डोक्यात होतं.

“न-नक्की चालतील, असं म्हणतोय तो,” मी म्हणाले.

त्याचं अडखळणंसुद्धा मी स्वतःच्या तोंडून काढलं, म्हणजे लोकांना खरं वाटावं. आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. साहेबांनी मान हलवली आणि यादीवर खूण केली. दादाने माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं, आणि पुढची मीटिंग सुरू झाली. जाताना त्याने साहेबांच्या टेबलावर ‘नऊच हवेत’ अशी चिठ्ठी ठेवली. साहेबांनी ती वाचली चाचणीनंतर.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पाहुणे आले. सकाळ थंड होती. खालची टाकी भरल्याचा निरोप गेला, मुख्य व्हॉल्व्हला बंद व्हायला सांगितलं गेलं, आणि तो नेहमीसारखा निघायच्या तयारीला लागला. मोटार फिरत होती, दाते जुळत होते. तीन सेकंद झाले. प्रोग्रामने ठरवलं, हा बंद पडलेला दिसतो, आणि राखीव व्हॉल्व्हला काम दिलं. राखीव व्हॉल्व्ह नवा, चपळ. तो खटकन बंद झाला. मैलभर लांबीच्या पाइपातून वेगात चाललेलं पाणी एकदम अडलं, त्याचा तडाखा मागे बसला, आणि पंपघराच्या भिंतीलगतचा जोड फुटला. आम्हाला कचेरीत पडद्यावर एक लाल ठिपका दिसला, एवढंच. वर बाई गुडघाभर पाण्यात उभं राहून हाताने चाक फिरवत होत्या. वीस मिनिटं लागली त्यांना पाणी तोडायला. तळहातांची सालटी निघाली.

माझ्या खिडकीवर त्या दिवशी जी रांग लागली तिच्यातल्या एकाशीही मी भांडले नाही.

संध्याकाळी घरी आलो. मी दाराशीच बोलायला सुरुवात केली: साहेबांची चूक, त्या पेनवाल्याची चूक, तू हात वर का नाही केलास, मला काय स्वप्न पडलं होतं का. दादाने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला. त्याने बोट वर केलं, खेळ थांबवताना करायचा तसं. मग तो बोलला. ते बोलणं बरंच लांब होतं, त्याला बराच वेळ लागला, आणि मी दोनदा मध्ये तोंड घातलं तेव्हा दोन्ही वेळा तो थांबला आणि पहिल्यापासून सुरू झाला. तिसऱ्यांदा मी गप्प राहिले.

तो म्हणाला, तीन चालणार नाहीत असं तो सांगत होता. बाईंच्या चाळीस सकाळींचं सांगणार होता. मी उत्तर दिल्यावर त्याला पुन्हा तोंड उघडायचं होतं, पण आपलं उत्तर कोणीतरी देऊन टाकलं की ते परत घ्यायला दुप्पट बळ लागतं, आणि तेवढं त्याच्याकडे त्या वेळी नव्हतं. व्हॉल्व्ह बंद पडला नव्हता, तो म्हणाला. निघाला होता. त्याच्यासाठी कोणी थांबलंच नाही.

“तसाच मीही,” दादा म्हणाला. “लहानपणापासून.”

आणि मग त्याने नोकरीचं सांगितलं. त्या फोनवर तो नाही म्हणणार होता. त्याला पुढे शिकायचं होतं, अर्ज भरलेला होता. मी ‘हो, येतोय’ म्हणून फोन ठेवल्यावर मी इतकी आनंदात नाचले होते की त्याला माझा विरस करवेना. सोमवारी तो कामावर गेला. आता काही वाईट वाटत नाही, काम आवडतं, असंही म्हणाला, आणि ते खरंच होतं, कारण दादाला खोटं बोलण्याएवढी सवड नसते. पण मला वाईट वाटायचं थांबेना. वीस वर्षं मी त्या फोनची गोष्ट लोकांना हसत हसत सांगत होते, आणि तो शेजारी बसून ऐकत होता.

मी त्याचा आवाज आहे असं समजत होते. त्याच्या आवाजावर मी पाय देऊन उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. सांगितलं की तीन चालतील असं दादा म्हणाला नव्हता, मी म्हणाले होते, आणि चौकशीच्या कागदावर माझं नाव लिहा. साहेबांनी टेबलावरची दादाची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, विचारलं मी त्याला होतं आणि ऐकलं तुमचं, तेव्हा कागदावर आपल्या दोघांची नावं जातील. गेलीही. त्या दिवसापासून साहेबांनी मीटिंगमध्ये दादाला विचारलं की ते खिडकीबाहेर बघत बसतात. ती त्यांची थांबायची रीत. आणखी कोणी पेनाशी चाळा करायला लागलं तर ते त्याच्या हातातून काढून घेतात.

जोड दुरुस्त झाला, मुदती परत ज्याच्या त्याच्या झाल्या, आणि पुढच्या महिन्यात चाचणी पार पडली. नऊ सेकंद पडद्यावर काही हललं नाही. पाहुणेही बसून राहिले, कोणाचं काही बिघडलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात बाई अहवाल द्यायला खाली आल्या आणि कचेरीतून आमच्या घरी. येण्याआधी फोन केला होता, दादाला नाही, मला. दुपार होती. हातांना नवी कातडी आली होती, गुलाबी, त्यामुळे त्यांनी कप बशीसकट धरला. पंधरा मिनिटं आम्ही पंप, वडिलांची तब्येत आणि माझ्या खिडकीवरचे नग यांवर बोललो. म्हणजे मी बोलले. मग बाईंनी बशी खाली ठेवली आणि दादाकडे बघून, माझ्यासमोरच, सरळ सांगून टाकलं.

“माझ्याने खाली येणं होणार नाही. बाबांना हलवता येत नाही, आणि मलाही तिथलं सोडवत नाही. तुमचं काम वरून चालेल, साहेबांना मी विचारलंय. तुम्ही याल का वर राहायला? लग्न करून. नाही म्हणालात तरी फोन आपला चालू राहील.”

दादाने तोंड उघडलं.

मी मोजलं नाही असं म्हणणार नाही. जन्माची खोड. तीन झाले, आणि उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, शब्द न् शब्द: अहो, तो कसा येईल, त्याचं सगळं इथे, या वयात त्याला टेकडी चढवणार का, आणि घराचं काय. इतकं योग्य, इतकं समजूतदार उत्तर. आणि ते दादाचं नव्हतंच, माझं होतं, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. मी त्याला कधी लोकांच्या नजरेतून सोडवत होते आणि कधी स्वतःसाठी धरून ठेवत होते, हे माझं मलाच सांगता आलं नसतं. मी हाताने तोंड दाबलं. अगदी खरोखर, लहान मुलं दाबतात तसं.

पाच झाले. नऊ झाले. नऊ कधीच मागे पडले. खालून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दादाची मान ताणली गेली, डोळे मिटले, ओठ त्या एका अक्षराभोवती थरथरत राहिले. बाई मात्र तशाच बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, घाईही नव्हती. बस यायचीच आहे हे माहीत असलेला माणूस थांब्यावर बसतो, तेवढ्याच सहज बसल्या होत्या. पहिल्यांदाच मी त्याच्या तोंडाकडे न बघता, त्याला ऐकत बसलेल्या माणसाकडे बघत होते.

“येतो,” दादा म्हणाला. मग थोडं थांबला, कारण अजून होतं. “मागच्या वर्षीच... म्हणणार होतो. पण टकळी... एकटी पडेल. म्हणून... राहिलो.”

एवढी वर्षं मला वाटत होतं की त्याला वेळ लागतो. वर्षभर त्याचं उत्तर तयार होतं, ओठांवर होतं, आणि ते त्याने माझ्यासाठी मागे धरून ठेवलं होतं. कोणाची राखीव कोण होती, कोण कोणाला सांभाळत होतं, सगळंच उलटंपालटं झालं.

बाई माझ्याकडे वळल्या. दादाही वळला. म्हणाला काही नाही, पण विचारत होता, आणि उत्तर आता माझ्याकडून यायचं होतं. मी तोंड उघडलं. काही बाहेर येईना. दिवसाला शंभर माणसांना गप्प करणारी मी, मला साधं ‘जा’ म्हणता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या दोघांपैकी कोणीही माझं वाक्य पुरं केलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही, राहू दे म्हटलं नाही. दोघंही नुसते थांबले. थांबणं त्यांना पुरेपूर येत होतं.

मग मी नाक पुसलं आणि म्हणाले, “रविवारी ये जेवायला. दोघंही या. आणि तिकडे थंडी असते, तुझा स्वेटर वाळत घातलाय, तो घेऊन जा.”